गिंतर शोल्तिसेकचा डावा कान

"आठातून सहा वेळा, गिंतरकाका. आठातून सहा वेळा तुम्ही उलट्या दिशेला चालत गेलात."

"मग तुझं यंत्र उलटं असेल."

"यंत्र सरळ आहे. सकाळी मी स्वतः तपासलंय."

"तू तपासलंस. वा. म्हणजे नाटकाच्या थेटरात पावसाचे अन् ढगांचे आवाज काढणारी बाई मला सांगणार, खाणीत आवाज कुठून येतो ते."

"मी काहीच सांगत नाहीये. हा पडदा सांगतोय. ही हिरवी रेघ बघा, आवाज इथून येत होता. आणि ही लाल रेघ म्हणजे तुम्ही. माणूस डावीकडे गुदमरतोय आणि तुम्ही उजवीकडच्या भिंतीशी चाचपडताय."

सराव-हॉलच्या बाकावर बसलेले तुकडीतले चौघं आपापल्या बुटांकडे बघायला लागले. एकतीस वर्षं खाणीत, त्यातली बावीस बचाव पथकात, आणि गेली नऊ वर्षं तुकडीचा म्होरक्या असलेल्या गिंतर शोल्तिसेकला असं तोंडावर बोललेलं त्या बचाव केंद्रात कुणी कधी ऐकलं नव्हतं. डोक्यावरचा तो जड काळा चष्मा आणि कानावरचे हेडफोन त्याने उतरवले, टेबलावर ठेवले, आणि आवाज न चढवता विचारलं, "आत शिट्टी कुणी घातली?"

"मी. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना. चष्म्यात नुसता धूर दिसणार, डोळ्यांचा उपयोग नाही. शिट्टी ऐकायची आणि शिट्टीच्या रोखाने चालत जायचं, तिथे अडकलेला माणूस."

"खाणीत शिट्टी वाजत नाही, पोरी."

"म्हणजे?"

"आखिम, सांग तिला."

आखिमच्या तोंडात रक्तीच्या सॉसेजचा तुकडा होता. तो सावकाश गिळून तो म्हणाला, "खाली कुणी शिट्टी मारत नाही. खाणीच्या राखणदार भुताला खपत नाही ते. मी पहिल्या दिवशी मारली होती, अठरा वर्षांचा होतो. मुकादमाने अशी ठेवून दिली की डबा एकीकडे, मी एकीकडे."

"राखणदार वगैरे म्हाताऱ्यांचं," दित्मार म्हणाला. तो तुकडीत सगळ्यात शिकलेला. "शिट्टीत टेकूच्या लाकडाची करकर ऐकू येत नाही, हे खरं कारण. पण एक सांगतो बाई, मघाशी कानात शिट्टी आली आणि माझे पाय जागच्या जागी थिजले. डोकं म्हणत होतं चल, पाय म्हणत होते गप उभा राहा."

चाचणीच्या यंत्राचे आवाज बनवणाऱ्या बर्नादेताने पडद्यावर बाकीच्यांच्या रेघा काढल्या. दित्मारची रेघ नव्हतीच, नुसता ठिपका. आखिम तीनदा मागे सरकला होता. उरलेल्या दोघांनी निम्मे घोटाळे केले होते. ती खुर्चीत बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "अकरा दिवस मी तुमच्याबरोबर खाली होते. पंप रेकॉर्ड केला, कोळसा वाहणारा पट्टा केला, लाकूड केलं, पाणी केलं. एकानेही मला सांगितलं नाही."

"तू शिट्टी मारलीच नाहीस," आखिम म्हणाला. "मारली असतीस तर मुकादमाने सांगितलं असतं."

चौघं हसले. तीही हसली, आणि तिच्या हसण्याने गिंतरचा श्वास जरा मोकळा झाला. सुटलो, असं त्याला वाटलं. जेमतेम तेवढाच वेळ.

"मग खाली अडकलेला माणूस करतो काय?" तिने विचारलं.

"पाइपवर ठोकतो," गिंतर म्हणाला. "तीन ठोके. थांबायचं. पुन्हा तीन."

"मग तेच घालते. तुम्हीच ठोकून द्या, तुमच्या हाताने. गुरुवारी पाचही जणांची पुन्हा चाचणी." तिने वहीत लिहूनही टाकलं. "शुक्रवारी सहा वाजता तुमची ड्यूटी लागते ना? त्याच्या आत झालं पाहिजे. म्होरक्याला आठात सहा नाही मिळाले तर त्याने पुढे चालायचं नाही, हा नियम माझा नाही, वॉर्सावरून आलाय."

गिंतरने मान हलवली. भांडण त्याने जिंकलं होतं, आणि जिंकता जिंकता स्वतःच्या पायाखालची फळी स्वतःच काढून घेतली होती.

कारण शिट्टीचं त्याने सांगितलं ते खोटं नव्हतं, पण ती सबब होती. खरं कारण त्याच्या डाव्या कानात होतं. तीन वर्षांपासून त्या कानात काहीच येत नव्हतं.

आधी ते कबुतरांनी ओळखलं. घरामागच्या शेडच्या छपरावर त्याची चाळीस कबुतरं. शर्यतीतून परतलेलं कबुतर डाव्या बाजूने पंख फडफडवत उतरे, आणि गिंतर हातात दाणे घेऊन उजवीकडे बघत उभा. मग ते बायकोने, त्रूदाने, ओळखलं. रविवारच्या जेवणाला तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायला लागला, म्हणजे सगळी माणसं, मांसाच्या गुंडाळ्यांचा रोलाडा, बटाट्याचे गोळे अन् लाल कोबी, सगळं उजवीकडे. "वीस वर्षं खिडकीपाशी बसायचास," ती म्हणाली, "आता काय झालं?" तो म्हणाला, वारा लागतो. तिने वाडगा त्याच्या उजव्या हाताशी सरकवला.

वर्षाच्या वर्षाला होणाऱ्या तपासणीत तो पास होत होता. काचेच्या खोलीत बसवून कानात बारीक बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. आवाज सोडताना बाहेर बसलेल्या नर्सबाईचा खांदा किंचित खाली जातो. काचेत तो खांदा दिसतो. गिंतर खांद्याकडे बघून बटण दाबायचा.

आणि खाली आखिम होता. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी बोललं नव्हतं, पण गेली तीन वर्षं आखिम बुयोचेक तुकडीत त्याच्या डाव्या खांद्याशी चालायचा. डावीकडून काही आलं की बाही ओढायचा. झालं. आखिम हा गिंतरचा डावा कान होता, आणि तुकडी श्लोंस्काच्या खाणपट्ट्यातल्या चांगल्या तुकड्यांमध्ये मोजली जायची.

फेब्रुवारीपर्यंत. फेब्रुवारीत साडेसातशे मीटरवर आग लागली. धुरात हाताची बोटं दिसत नव्हती. आखिम पाच पावलं मागे अडकला होता, त्याच्या हवेच्या नळीला काहीतरी झालं होतं. गिंतरला ठोके ऐकू आले. तीन. थांबून तीन. तो उजवीकडच्या बोगद्यात शिरला, कारण ज्याला एकच कान आहे त्याला सगळं जग त्याच कानाच्या बाजूला असतं. तो गेला, उरलेले तिघं त्याच्या मागे गेले. आखिम येऊन बाही ओढेपर्यंत चार मिनिटं गेली. डावीकडे हुबेर्त व्हीखारी सापडला, बेशुद्ध, पण श्वास चालू. तिसऱ्या दिवशी तो इस्पितळात वारला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणला असतात तरी काही सांगता आलं नसतं. पण डॉक्टरांना त्या चार मिनिटांचं कुणी सांगितलंच नव्हतं. तुकडीने अहवालात लिहिलं, धूर दाट होता. धूर दाट होताच.

मंगळवारी बर्नादेता त्याला सरावाच्या बोगद्यात घेऊन गेली. तिने स्वतःच्या दोन्ही कानांत वाटाण्याएवढे मायक्रोफोन घातले आणि म्हणाली, "ठोका. मी फिरत राहते, तुम्ही जागचे हलू नका."

त्याने पान्याने पाइपवर तीन ठोके दिले. थांबला. तीन.

"केवढं छान," ती डोळे मिटून म्हणाली. "शिट्टीपेक्षा शंभरपट चांगलं. काका, तुम्हाला ठाऊक आहे का, शिट्टीची दिशा चांगल्या कानांनाही नीट लागत नाही. ठोक्याची लागते. डावीकडचा ठोका डाव्या कानात आधी पोचतो, उजव्यात मागाहून. फरक एवढासा, पण डोकं तो पकडतं."

"आणि मान वळवली तर?"

"लांबलचक आवाज असेल तर वळवून शोधता येतो. ज्या बाजूला मोठा लागतो ती दिशा. पण ठोके..." ती हसली. "मान वळेपर्यंत संपतात. म्हणून तर चाचणीला हे उत्तम. इथे कुणाला चोरी करता येणार नाही."

तिने सहज म्हटलं होतं. गिंतरने पाना डाव्या हातातून उजव्या हातात घेतला.

"पुन्हा ठोकू?"

"ठोका. जरा हळू. अगदी दमलेला माणूस ठोकतो तसं."

दमलेला माणूस कसा ठोकतो ते त्याला माहीत होतं. तिसरा ठोका पहिल्यापेक्षा हलका असतो, आणि मधलं थांबणं प्रत्येक वेळी लांबत जातं. त्याने तसंच ठोकून दिलं. बर्नादेताने डोळे उघडले.

बुधवारी त्रूदाने सूप वाढता वाढता सांगून टाकलं. "रजा घे."

"कसली?"

"पाठीची. तुमच्यातल्या सगळ्यांची पाठ दुखते, कुणी विचारणार नाही."

"ड्यूटीच्या आदल्या दिवशी?"

"मग जा अन् सांग त्यांना. एक कान गेलाय म्हण. पाय नाही गेला, डोकं नाही गेलं. केंद्रात हजार कामं असतात. नळ्या तपास, नव्या लोकांना शिकव."

"नळ्या तपास," तो म्हणाला.

"काय वाईट आहे? नळी फुटली तर माणूस मरतोच की."

"त्रूदा, मी नऊ वर्षं पुढे चाललोय."

"हो ना. आणि मी बावीस वर्षं खिडकीत उभी आहे. माझ्याही पायांना रजा पाहिजे." तिने डाव खाली ठेवला. "हुबेर्तची बायको चर्चमध्ये माझ्या शेजारी बसते, गिंतर. दर रविवारी. प्रार्थनेत शेजाऱ्याला शांतीचा हात देताना ती माझा हात दोन्ही हातांनी धरते. मला ते सोसत नाही."

तो शेडकडे निघून गेला. कबुतरांना दाणे आधीच घातलेले होते. तरी पुन्हा घातले.

गुरुवारी आखिम केंद्राच्या फाटकाशी त्याची वाट बघत होता.

"ऐक," तो म्हणाला, अर्थातच उजव्या बाजूने. "हॉलची जमीन फळ्यांची आहे. वर रबर टाकलंय, पण खाली फळ्या. मी तिच्या पडद्याजवळ उभा राहतो. पडद्यावर हिरवी रेघ दिसते. डावीकडे असली की टाचेने एकदा, उजवीकडे दोनदा. मागे असली तर तीनदा. तुला पायात लागेल."

"आणि तिला?"

"तिच्या कानावर हेडफोन असतात. तिला पायाचं काय कळणार, ती थेटरातली."

"आखिम."

"काय?"

"हे बरोबर नाही."

"बरोबर नाही तर नाही. उद्या सहा वाजता खाली काही झालं, तर मला तू पुढे पाहिजेस. दित्मार नको, तो आधी विचार करतो. मी नको, मी विचारच करत नाही. चल आता."

गिंतर गेला. चष्मा चढवला, हेडफोन बसवले. जग करड्या धुराने भरून गेलं. खाली कोपऱ्यात हवेचा काटा, शंभरावर. पंपाची घरघर, पाण्याचं टपटप, दूर कुठेतरी पट्ट्याचं कण्हणं. सगळं खरं. इतकं खरं की त्याच्या तळहातांना घाम आला.

ठक ठक ठक.

उजव्या कानात आलं. सगळं उजव्या कानातच येतं. तो थांबला. टाचेतून एक धक्का आला. डावीकडे. तो डावीकडे वळला, सहा पावलं चालला, धुरात पिवळा उजेड लागला. पहिला सापडला.

दुसरा, दोन धक्के, उजवीकडे. सापडला. तिसरा, तीन धक्के, मागे. सापडला. चौथा, एक. सापडला. काटा सत्तरवर. त्याला आपल्याच सफाईची घृणा वाटली, आणि तरी पाय झपाझप पडत होते.

पाचवा.

ठक ठक ठक. तिसरा ठोका हलका.

हा त्याचाच ठोका होता, मंगळवारी दिलेला. दमलेल्या माणसाचा. तो पायाशी धक्क्याची वाट बघत उभा राहिला. धक्का आला नाही. काटा सदुसष्ट. त्याने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. पंप, पाणी, पट्टा. ठोके संपले होते.

ठक ठक ठक.

या वेळी तो तयार होता, मान आधीच अर्धी वळवलेली, श्वास रोखलेला. उजवीकडे वाटला. उजवीकडे नेहमीच वाटतो. त्याने पाय घट्ट रोवले आणि टाचांनी ऐकू बघितलं. आखिम, तो मनात म्हणाला, आखिम, कुठे मेलास. काटा एकसष्ट.

ठोक्यांमधलं अंतर वाढत होतं. तसं त्यानेच वाजवलं होतं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा मोजलं, तेव्हा पुन्हा आले, दोनच. तिसरा आला नाही. तो उजवीकडे निघाला, कारण उभं राहणं त्याला जमत नव्हतं. बारा पावलं गेला. हात पुढे केला, भिंत. काटा बावन्न. मागे फिरला. किती फिरला ते त्याला कळेना. धुरात आता दिशाच उरली नव्हती, फक्त एक बाजू, उजवी, आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, जणू डोक्याची अर्धी खोली कुणीतरी भिंत बांधून बंद केली होती. या बंद खोलीत हुबेर्त व्हीखारी चार मिनिटं ठोकत होता.

त्याने चष्मा काढला.

आधी त्याला दिसली ती बर्नादेता. ती यंत्रापाशी नव्हती. ती आखिमच्या शेजारी उभी होती, हेडफोन गळ्यात, आणि तिचा छोटा निळा कॅनव्हासचा बूट आखिमच्या भल्यामोठ्या बुटावर ठेवलेला. सगळा भार टाकून. आखिम लाल होऊन समोर बघत होता.

"आम्ही थेटरात," ती गिंतरला म्हणाली, "पडद्यामागून असेच पाय आपटून एकमेकांना इशारे देतो. पहिल्या धक्क्यालाच कळलं. तिसऱ्यापर्यंत खात्री करून घेतली."

"पाय काढ," आखिम म्हणाला.

तिने काढला. "आखिमदादा, तुम्हाला उद्या ताप आला तर?"

"मला ताप येत नाही."

"पाच पावलं मागे राहिलात तर?"

बाकावर दित्मारने चेहरा हातांत घेतला. हे ती अंदाजानेच बोलली होती, तिला फेब्रुवारीचं काही ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच ते असं लागलं.

"तुला काय मिळालं यातून?" आखिम म्हणाला. "आं? चांगला चाललेला माणूस. हॉलमध्ये धूर नाही, आग नाही, खेळणं आहे हे. तू खेळण्यात त्याला हरवलंस, झालं समाधान?"

"मी खाली जाते तेव्हा याच माणसाच्या मागे चालते. मला काय मिळणार?"

"मग लिही ना आठ. कोण बघतंय?"

"आखिम, पुरे," गिंतर म्हणाला.

"अरे पण..."

"पुरे म्हटलं ना."

बर्नादेता टेबलाकडे गेली. कागदावर आठ चौकटी होत्या. चार बरोबरच्या खुणा तिने आधीच केल्या होत्या, पहिल्या तीन नाइलाजाने, चौथी बहुधा जड हाताने. उरलेल्या चार कोऱ्या. तिने कागद त्याच्याकडे फिरवला आणि पेन पुढे केलं. तिच्याशी भांडायला आता काही उरलं नव्हतं, हे तिलाही आवडलेलं दिसत नव्हतं.

"काका, तुम्ही सांगा काय लिहू. तुम्ही म्हणाल तसं लिहीन. पण तुम्ही तोंडाने म्हणा."

गिंतरने पेन घेतलं. पहिल्या चार खुणांवर एकेक आडवी रेघ मारली, सावकाश, जसं तो अहवालावर सही करायचा तसं. मग उरलेल्या चार चौकटींत शून्य. खाली, शेऱ्याच्या जागी, त्याने लिहिलं: डावा कान, तीन वर्षं. थोडं थांबून त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: फेब्रुवारी, साडेसातशे मीटर, चार मिनिटं. या ओळीपाशी बर्नादेताने मान वर करून त्याच्याकडे बघितलं, मग आखिमकडे, मग पुन्हा कागदाकडे.

"हे कशाला लिहिलंस?" आखिमचा आवाज एकदम खाली आला. त्याने दुरूनच ते वाचलं होतं. "ते झालं गेलं. त्यात आम्ही चौघं आहोत, गिंतर. सह्या आमच्याही आहेत."

गिंतरने सही केली. तारीख घातली. पेनचं टोपण लावलं.

"ठीक आहे," आखिम म्हणाला. "ठीक आहे, लिहिलंस. पण उद्या सहा वाजता आम्हाला पुढे कोण नेणार? ते सांगून जा."

गिंतर दाराकडे वळला. खुंटीवरचं जाकीट काढून त्याने एकेक हात घातला. आखिम बाकाला वळसा घालून आला, त्याच्या उजव्या बाजूला उभा राहिला, अगदी कानाशी, आणि तेच पुन्हा, हळू आवाजात विचारलं.

या वेळी गिंतरला नीट ऐकू आलं, पण पुढे कोण चालणार हे ठरवणं आता त्याचं काम नव्हतं. त्याने आखिमकडे बघितलं. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, दार उघडलं आणि तो बाहेर पडला.